रांगणारी झाडं, टांगलेल्या कुंड्या: लोंबत्या सक्युलंट्सची घरातली निगा

सक्युलंट म्हणजे पानांत किंवा दांड्यांत पाणी साठवणारं झाड. त्यातलीच मोत्यांची माळ ही बारीक दांड्यांवर मटाराएवढी गोल पानं येणारी वेल. नर्सरीतून आणलेली ही माळ पहिले दोन महिने झकास दिसते. मग कुंडीच्या माथ्यावर, मातीलगतचे दांडे तपकिरी पडतात आणि मधोमध टक्कल दिसू लागतं. खाली लोंबणाऱ्या माळा तेव्हा अजून हिरव्याच असतात. आणखी पंधरा दिवसांत त्याही सुरकुततात. पाणी जास्त झालं की कमी पडलं यावर घरात वाद होतो. पण बहुतेक वेळा पाण्याच्या आधी जागा चुकलेली असते.

या झाडाला मुळात लोंबायचंच नसतं. मोत्यांची माळ, म्हणजे क्युरिओ रोलियानस, पूर्वीचं सेनेसिओ रोलियानस, हे आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या कोरड्या भागातलं झाड. तिथे ते झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला जमिनीवर रांगतं. दांडा मातीला टेकला की पेरापेराशी मुळं सोडतो, त्यामुळे लांबच लांब पसरलेल्या वेलीला जागोजागी स्वतःचं पाणी मिळतं. आपण तीच वेल टांगतो तेव्हा मीटरभर लांबीची माळ मातीलगतच्या दोन-तीन सेंटीमीटर दांड्यावर जगत असते. तेवढा भाग कुजला किंवा अंधारात अशक्त झाला, की खालची सगळी माळ गेली. म्हणून कुंडी कुठेही ठेवा, नजर माळांच्या शेंड्यांवर न ठेवता माथ्यावर ठेवायची.

माथ्याला उजेड

छताला हूक, त्याला दोरी, दोरीला कुंडी असा आपला बेत असतो. घरातल्या खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून साधारण सात फुटांवर असतो. कुंडीचा काठ त्याच्याही वर गेला, की उजेड पडतो तो लोंबत्या माळांवर आणि माथा राहतो अंधारात. बाल्कनीतही तेच होतं, कारण वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली नेमकी कुंडीच्या तोंडावर पडते. उपाय सोपा आहे. दोरी लांब करा. कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या काठापेक्षा किमान फूटभर खाली आणि काचेपासून दोन फुटांच्या आत हवा. माळा छोट्या असताना तर टांगूच नका. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, म्हणजे वरून आणि बाजूने दोन्हीकडून उजेड मिळतो.

किती उजेड? मोबाइलवर उजेड मोजायची मोफत अ‍ॅप्स मिळतात. आकडा तंतोतंत नसतो, पण तुलनेला पुरतो. माथ्याच्या उंचीवर फोन आडवा धरून सकाळी दहाच्या सुमारास बघा. दिवसातले काही तास 10,000 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास मिळत असतील तर झाड खूश असतं. दिवसभर 2,000च्या खालीच असेल तर दोन मोत्यांमधलं अंतर वाढत जातं, दांडा बारीक होतो. खोलीच्या मधोमध, आपल्या डोळ्यांना ‘भरपूर उजेड’ वाटतो तिथे, आकडा अनेकदा काहीशेच असतो. डोळे अंधाराशी चटकन जुळवून घेतात, झाडाला ती सोय नाही.

पूर्वेची खिडकी सगळ्यांत सोपी. कोवळं ऊन दोन-तीन तास, मग नुसता उजेड. पश्चिमेची खिडकी ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालते, पण एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हाने मोती एका बाजूने भाजतात. तेव्हा कुंडी दोन फूट आत घ्या किंवा पातळ पडदा लावा. दक्षिणेच्या खिडकीची गंमत वेगळीच. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तिथे ऊन थेट आत येतं. मुंबईत मात्र मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, नागपुरात मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी दक्षिणेची खिडकी अचानक अंधारते आणि पाठोपाठ पावसाळी ढग येतात. जानेवारीत उत्तम वाढलेली कुंडी जूनमध्ये का रुसली, याचं उत्तर पुष्कळदा यात असतं.

खिडकीच नसेल तर 20 वॉटची पांढऱ्या उजेडाची एलईडी ट्यूब माथ्यापासून 20 ते 30 सेंटीमीटर वर, रोज बारा तास. जांभळ्या दिव्यांची गरज नाही. जागा बदलायची असेल तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. सावलीतली कुंडी एकदम उन्हात नेली, की पानांवर पांढरट डाग पडतात आणि ते पुन्हा हिरवे होत नाहीत.

माती आणि कुंडी

नर्सरीत ही झाडं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, येतात. तिथे त्यांना भरपूर उजेड, वारा आणि अनुभवी हात असतो, म्हणून चालून जातं. घरातल्या कोपऱ्यात तेच कोकोपीट आठवडाभर ओलं राहतं. शिवाय मुळांभोवती कधीकधी रोप तयार करतानाचा छोटा जाळीचा कप किंवा घट्ट गोळा तसाच राहिलेला असतो. बाकीची माती सुकली तरी तो आत ओला राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते. आणल्यावर पंधरा दिवस झाडाला घराची सवय होऊ द्या. मग ते कुंडीतून काढा, कप असेल तर कात्रीने कापून टाका आणि नव्या मिश्रणात लावा. पावसाळा चालू असेल तर सप्टेंबरअखेरपर्यंत थांबलेलं बरं.

मोत्यांची माळ, केळ्यांची माळ (तिचीच बहीण, पानं केळ्यांच्या आकाराची) आणि डॉन्की टेल (जाड पानांच्या, गाढवाच्या शेपटीसारख्या माळांची) यांच्यासाठी हे मिश्रण वाटीने मोजून घ्या: दोन वाट्या पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे) किंवा विटांचे 3 ते 6 मिलिमीटरचे तुकडे, एक वाटी जाड वाळू, एक वाटी कोकोपीट, अर्धी वाटी चाळलेलं गांडूळखत, अर्धी वाटी लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे. विटा फोडल्या की त्यांची भुकटी चाळून टाकून द्यायची, नाहीतर ती मातीतल्या फटी बुजवते. वाळू समुद्राची नको, मीठ असतं. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यातही क्षार असतात. शेताची काळी माती या कामाला मुळीच नको. ती ओली असताना फुगून चिकटते आणि सुकली की भेगाळते. भेगा पडताना बारीक मुळं तुटतात.

आता एक जुनी समजूत. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिला की पाण्याचा निचरा होतो, असं सगळे सांगतात. होतं उलटं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून टच्च झाल्यावरच ते पुढे सरकतं. म्हणजे जे ओलं पाणथळ तळाशी राहायचं, ते खडीमुळे वर, मुळांच्या जवळ येतं. भांडी घासायचा ओला स्पंज आडवा धरा, थेंब पडायचे थांबू द्या. मग तोच उभा धरा. आणखी पाणी गळेल. उंच कुंडी या उभ्या स्पंजासारखी आणि उथळ कुंडी आडव्या स्पंजासारखी वागते. पेच असा, की मोत्यांच्या माळेची मुळं जेमतेम वरच्या चार-पाच सेंटीमीटरमध्ये असतात, त्यामुळे तिला उथळच कुंडी लागते. म्हणून खडी तळाशी घालण्यापेक्षा सगळं मिश्रणच भरड करायचं. भोकावर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरते.

कुंडी 10 ते 12 सेंटीमीटर व्यासाची, 8 ते 10 सेंटीमीटर खोल. ‘मोठी कुंडी म्हणजे झाड मोठं’ हे इथे चालत नाही. मुळं पोचत नाहीत ती माती फक्त ओल धरून ठेवते. किनारपट्टीवर मातीची कुंडी घ्या, तिच्या भिंतीतूनही पाणी उडतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र तीच कुंडी फार लवकर सुकते, तिथे प्लास्टिकची सोयीची. लावताना दांड्याचा माथा कुंडीच्या काठापासून अर्धा सेंटीमीटरच खाली ठेवा. खोल खड्ड्यात बसलेल्या माथ्याभोवती वारा खेळत नाही.

पाणी: वार ठरवू नका

‘दर रविवारी पाणी’ हा नियम झाडाला कळत नाही. पुण्याच्या फेब्रुवारीत आठ-दहा दिवसांनी लागेल, मुंबईच्या जुलैत वीस-पंचवीस दिवसांनी. हे आकडेही अंदाजाचेच, कारण खिडकी, कुंडी, पंखा सगळ्यांनी ते बदलतात. कुंडी सुकली का, हे तीन प्रकारे कळतं.

पहिला, अगरबत्तीची काडी. जळून उरलेली बांबूची काडी कडेने तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. तिला ओलसर कण चिकटले तर थांबा. दुसरा, वजन. पाणी घालून निथळल्यावर कुंडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. समजा 700 ग्रॅम भरली आणि पूर्ण सुकल्यावर 480. हे दोन आकडे कुंडीवर लिहून ठेवा. पाचशेच्या खाली आली की पाणी. टांगलेल्या कुंडीला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातकाटा उत्तम. तिसरा, झाड स्वतः. प्रत्येक मोत्यावर एक गडद, अर्धपारदर्शक रेघ असते. ती खिडकीच म्हणा, तिच्यातून उजेड मोत्याच्या आत पोचतो. झाड तहानलं की ही रेघ अरुंद होते आणि मोती किंचित चपटतो. हृदयाच्या पानांच्या वेलीचं पान दोन बोटांत धरून हलकेच दुमडा. कडक राहिलं तर पाणी आहे, मऊसूत वाकलं तर द्या. डॉन्की टेलला मात्र हात लावू नका, पानं गळतात. तिची पानं नुसती बघूनच सुरकुती ओळखायची.

पाणी द्यायचं तेव्हा भरपूर द्या, तळातून वाहेपर्यंत. 12 सेंटीमीटरच्या कुंडीला साधारण दीड-दोनशे मिली लागतं. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. चमचा चमचा रोज घालणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. माथा सतत ओला राहतो आणि खालची मुळं तहानेने मरतात. मिश्रण फारच सुकून कडेने सुटलं असेल तर वरचं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. तेव्हा कुंडी 15-20 मिनिटं पाण्याच्या घमेल्यात अर्धी बुडवून ठेवा.

पानांवर फवारा नको. यातली बरीच झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. कोरड्या मुलखात पाणी वाचवायची ती युक्ती आहे. पानाला पाणी मुळांकडून येतं, फवाऱ्यातून नाही. वरून पडलेले थेंब मोत्यांच्या बेचक्यात साठून बुरशीला आमंत्रण देतात. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी कुंड्यांना घालायचा मोह होतो, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरच्या जड पाण्याने मातीवर पांढरा थर आला असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा नळाच्या किंवा पावसाच्या पाण्याने कुंडी तीनदा आरपार धुवा.

आणि आता ज्यामुळे सर्वाधिक झाडं मरतात ती गफलत. मोती सुरकुतले म्हणजे पाणी कमी, असं धरून आणखी पाणी घातलं जातं. पण मुळं कुजली की झाडाला समोरचं पाणी पिता येत नाही, त्यामुळे तेव्हाही पानं सुरकुततातच. म्हणून सुरकुती दिसली की आधी काडी खुपसा. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली असूनही पानं सुरकुतलेली, किंवा मातीलगतचे मोती काचेसारखे पारदर्शक आणि पिचपिचीत झाले असतील, तर मुळं गेली. त्या कुंडीला औषध घालून उपयोग नाही. निरोगी माळा कापून घ्या, कापलेला दांडा आतून हिरवा-पांढरा आहे का बघा. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. जुनी माती फेकून द्या.

पावसाळ्यात हवेत दमटपणा इतका असतो की मातीतलं पाणी उडतच नाही, आणि रात्रीही गरम असल्याने झाड जवळजवळ थांबलेलं असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात बाल्कनीतल्या कुंड्या पावसाच्या तिरप्या झोतातून आत घ्या, खत बंद करा, पंख्याचा हलका वारा लागेल अशा जागी ठेवा. आपल्याकडे या झाडांचा वाढीचा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कुंडी बदलणं, छाटणी, नवी रोपं हे सगळं तेव्हा. खतही तेव्हाच: शेतकी दुकानातलं विद्राव्य 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीवर. जास्त खताने वाढ ठिसूळ होते.

सगळ्याच माळा एका जातीच्या नव्हेत

हृदयाच्या पानांची वेल, सेरोपेजिया वुडीआय, ही आपल्या कंदीलपुष्पाची आफ्रिकी बहीण. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि कड्यांवर सेरोपेजियाच्या अनेक जाती आहेत, त्यातल्या काही महाराष्ट्राबाहेर सापडत नाहीत. खरपुडी म्हणून त्यांचे कंद खणून खाल्ले जातात, आणि त्या दुर्मीळ होण्यामागचं ते एक कारण आहे. रानातून उपटून आणायच्या भानगडीत पडू नका. दोघींचं घराणं एकच: कंदिलासारखं फूल, आत शिरलेल्या बारीक माशीला काही काळ अडकवून परागीभवन साधणारं, आणि वाईट दिवस काढायला कंद. कुंडीतल्या वेलीच्या पेरांवर मण्यांसारखे छोटे कंद येतात, तो रोग नाही. तो मणी वेलीसकट ओलसर मातीवर टेकवून ठेवला की तिथून नवी वेल फुटते. ही कंदवाली वेल चुकून महिनाभर पाणी न मिळाल्यानेही सहसा मरत नाही. गुलाबी कडांच्या प्रकारात एखादा फुटवा निव्वळ हिरवा निघाला तर मुळापासून काढा, तो जोमाने वाढून बाकीच्यांना मागे टाकतो.

डॉन्की टेल, सेडम मॉर्गनियानम, मेक्सिकोतली. तिला खरोखरच लोंबायला आवडतं, फक्त जिथे कुणाचा खांदा लागणार नाही अशा जागी टांगा. पानांवरची निळसर पांढरी भुकटी म्हणजे धूळ नव्हे, ते तिचं उन्हापासूनचं कवच, पुसू नका. गळलेलं प्रत्येक पान कोरड्या मिश्रणावर पसरून ठेवलं तर काही आठवड्यांत त्याच्या देठाशी मुळं आणि इवलं रोप येतं. मात्र वाढ संथ, फूटभर शेपटीला काही वर्षं लागतात.

तिसरा गट वेगळाच आहे. नाण्यांच्या माळेसारखी दिसणारी डिस्किडिया आणि काटे नसलेलं लोंबतं निवडुंग ऱ्हिप्सालिस ही झाडांच्या फांद्यांवर वाढणारी, दमट रानातली. ऱ्हिप्सालिस बॅक्सिफेरा तर अमेरिकेबाहेर, आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही, नैसर्गिकरीत्या सापडणारं एकमेव निवडुंग. यांना नारळाच्या सोडणाचे बोराएवढे तुकडे, थोडा कोळसा आणि मूठभर कोकोपीट असं मिश्रण द्या, आणि पाणी वरचे दोन सेंटीमीटर सुकले की लगेच. मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात पहिल्यांदा लोंबतं झाड आणत असाल तर खरं सांगायचं तर मोत्यांच्या माळेऐवजी यातलंच एक आणा. तिथली दमट हवा मोत्यांना मारते, तीच यांना मानवते.

टक्कल भरणं, कीड, हूक

टक्कल पडलेल्या माथ्यावर उपाय म्हणजे झाडाला त्याची रांगायची सवय परत देणं. लांब माळ वर उचला, मातीवर गोल गुंडाळून ठेवा आणि केसांच्या यू आकाराच्या पिनांनी दर चार-पाच सेंटीमीटरवर अलगद दाबा. माळ कापायचीही गरज नाही. दोन-तीन आठवड्यांत पेरांपाशी मुळं धरतात. कापून लावायची असेल तर 8-10 सेंटीमीटरचे तुकडे करा आणि सावलीत एक-दोन दिवस कापलेलं टोक सुकू द्या. मग ते हलक्या ओल्या मिश्रणावर आडवे टेकवा. एका कुंडीत आठ-दहा तुकडे लावले तर भरगच्च दिसते. सुटा मोती मात्र लावू नका, बहुधा वाया जातो.

कापसाच्या बोळ्यांसारखा पिठ्या ढेकूण बेचक्यात दिसला तर कुंडी आधी इतरांपासून दूर करा. कान साफ करायची काडी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून प्रत्येक ठिपका पुसा, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. कडुनिंबाचं तेल लिटरला 5 मिली आणि चार थेंब पातळ साबण हेही चालतं, पण संध्याकाळी आणि आधी एका माळेवर करून बघा. डॉन्की टेलवर तेल नको, कवच जातं. माथ्यावर मुंग्यांची रांग असेल तर कीड आहेच असं समजा. त्या पिठ्याच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि त्याला कुंडीकुंडीत पोचवतात. झाड उगाचच खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, तिथेही पांढरा कापूस दिसू शकतो. मग सगळी माती धुवून नव्या मिश्रणात लावायचं.

मोत्यांची माळ पोटात गेली तर विषारी आहे, माणसाला आणि मांजर-कुत्र्यालाही. मोती मटारासारखे दिसतात, म्हणून रांगतं मूल असलेल्या घरात माळेची टोकं त्याच्या हाताच्या वर कापत राहा. हृदयवेल आणि डॉन्की टेल या बाबतीत निर्धोक.

20 सेंटीमीटरची भरलेली, भिजलेली कुंडी चार-पाच किलोपर्यंत जाते. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला नुसता खिळा मारून ती पेलत नाही. हूक वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवा किंवा खिडकीच्या ग्रिलचा आधार घ्या. पाणी घालताना कुंडी खाली उतरवून मोरीत न्या, अर्धा तास निथळू द्या, मगच परत टांगा. फिरकीचा हूक मिळाला तर दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे माथ्याची खोलीकडची बाजू अंधारात राहत नाही.